मेल ‘पाठवला’ खरा, पण पोहोचला का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर उजाडला की सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांची धावपळ सुरू होते. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत सभा उरकायची असते, आणि सूचना, अहवाल, ताळेबंद ईमेलने धाडण्याचा प्रघात आता पडला आहे. पुष्कळ पतसंस्था, महाविद्यालये, रुग्णालये आणि कारखान्यांत हे काम कार्यालयातच ठेवलेला लिनक्स सर्व्हर करतो. सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबले की पडद्यावर ‘मेल पाठवला’ असे उमटते; सभासद म्हणतात, आम्हाला काहीच आले नाही. मग ‘सर्व्हर डाऊन होता’, ‘जीमेलने ब्लॉक केलंय’, ‘नेट स्लो आहे’ अशी उत्तरे मिळतात. बहुतेक वेळा तिन्ही चुकीची असतात. सर्व्हर ठणठणीत असतो, नेटही असते. गोची असते ती सर्व्हर जगाला स्वतःचे जे नाव सांगतो त्यात आणि ज्या आयपी पत्त्यावरून तो बाहेर पडतो त्यात.

आधी ‘पाठवला’ म्हणजे काय ते पाहू. सॉफ्टवेअरने मेल त्याच यंत्रावरच्या पोस्टफिक्सच्या (मेल बाहेर नेणाऱ्या प्रोग्रामच्या) हवाली केला, एवढाच त्याचा अर्थ. पुढचा प्रवास पोस्टफिक्सचा, आणि त्याची नोंद लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत असते. उबुंटूवर ती ‘/व्हार/लॉग/मेल.लॉग’ या फाइलमध्ये, रेड हॅट, अल्मा, रॉकी यांच्यावर ‘मेललॉग’मध्ये. डेबियन १२ नव्याने बसवला असेल तर ही फाइल मुळात नसतेच. तिथे ‘जर्नलसीटीएल’ने पोस्टफिक्सच्या नोंदी काढाव्या लागतात. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी त्या मेलची ओळ शोधायची आणि तीत तीन गोष्टी वाचायच्या: ‘रिले=’च्या पुढे कोण आहे (म्हणजे मेल कोणाकडे सोपवला), ‘डीएसएन=’चा (मेलचे काय झाले ते सांगणाऱ्या संकेतांकाचा) पहिला आकडा काय आहे, आणि कंसात ‘सेड’ या शब्दानंतर काय लिहिले आहे. कंसातला मजकूर पलीकडच्या सर्व्हरचा असतो, आपल्या नव्हे. तो वाचल्याशिवाय सेटिंग बदलत सुटणे म्हणजे रिपोर्ट न बघता गोळ्या देणे.

‘रिले=नन’ दिसले आणि पुढे ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असेल, तर मेल कोणी नाकारलेलाच नाही; तो दारापर्यंत गेलाच नाही. ‘रिले=लोकल’ असेल तर मेल बाहेर न पडता घरातच फिरला. या दोन्हींकडे पुढे येतो. डीएसएनचा पहिला आकडा ५ असेल तर नकार कायमचा, मेल लगेच परत फिरतो. ४ असेल तर ‘नंतर या’. अशा वेळी पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवतो, सुरुवातीला ५ मिनिटांनी आणि मग अंतर वाढवत जास्तीत जास्त ४००० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो, आणि ५ दिवसांनी नाद सोडतो. सभेच्या सूचनेच्या दृष्टीने हे ५ दिवस फार महागात पडतात. कारण या काळात कुठेही लाल दिवा लागत नाही. रांग पाहायची कमांड ‘पोस्टक्यू -पी’. तिथे दोन-चार मेल असणे नित्याचे. शेकड्यांनी दिसले तर काहीतरी अडले आहे.

आता सगळ्यात जास्त वेळा भेटणारी ओळ: ‘४५० ४.१.८ <डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा@सर्व्हर१.लोकल> : सेंडर ॲड्रेस रिजेक्टेड : डोमेन नॉट फाउंड’. सॉफ्टवेअरमध्ये प्रेषक म्हणून संस्थेचा मेल पत्ता व्यवस्थित भरलेला असतो, त्यामुळे ही ओळ पाहून गोंधळ उडतो. मेलला प्रेषक दोन असतात. एक आतल्या मजकुरावरचा ‘फ्रॉम’, जो वाचणाऱ्याला दिसतो. दुसरा एन्व्हलप सेंडर, म्हणजे पाकिटावरचा, जो दोन सर्व्हर आपसात बोलताना सांगितला जातो. सॉफ्टवेअर फक्त पहिला भरते. दुसरा भरला नाही, तर ज्या लिनक्स खात्याखाली प्रोग्राम चालतो त्याचे नाव आणि यंत्राचे नाव जोडून पोस्टफिक्स तो तयार करतो. वेबवरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे खाते ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ किंवा ‘अपाचे’, क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कामाचे ‘रूट’. यंत्राला बसवणाऱ्याने जे नाव सुचले ते दिलेले: ‘सर्व्हर१.लोकल’, ‘ऑफिस.लॅन’, नाहीतर नुसते ‘लोकलहोस्ट.लोकलडोमेन’. बाहेरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यादीत, अशी नावे सापडणे शक्यच नाही. ‘.लोकल’ हे तर खासगी नेटवर्कमधल्या एमडीएनएससाठी (यंत्रांनी आपसात नावे शोधण्याच्या पद्धतीसाठी) २०१३ सालापासून राखून ठेवलेले आहे, आणि इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेने २०२४ मध्ये ‘.इंटर्नल’ही खासगी वापरासाठी बाजूला काढले. ज्या डोमेनला उत्तर पाठवता येत नाही त्याचा मेल घ्यायचा नाही, हा पलीकडच्या सर्व्हरचा नियम रास्तच आहे.

यातला आणखी एक पेच ध्यानात घेण्याजोगा आहे. मेल परत फिरतो तेव्हा परतीची सूचना याच पाकिटावरच्या पत्त्यावर जाते. तो पत्ता यंत्रातल्याच एखाद्या खात्याचा असला, तर ती ‘/व्हार/मेल’मध्ये साचत राहते आणि ती पेटी वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. म्हणूनच कार्यालयाला नकाराचा पत्ताच लागत नाही.

उपाय दोन ठिकाणी करायचा. पहिला सॉफ्टवेअरमध्ये: ते पीएचपी भाषेत असेल तर ‘पीएचपी.आयएनआय’मधल्या ‘सेंडमेल_पाथ’मध्ये ‘-एफ’ लावून संस्थेचा खरा, उघडून वाचला जाणारा पत्ता द्यायचा. दुसरा पोस्टफिक्समध्ये, आणि तो जास्त खात्रीचा, कारण क्रॉनपासून बॅकअपच्या स्क्रिप्टपर्यंत सगळ्यांना तो लागू पडतो. ‘/ईटीसी/पोस्टफिक्स/जेनेरिक’ नावाची फाइल करून प्रत्येक ओळीत डावीकडे आतला पत्ता आणि उजवीकडे बाहेरचा लिहायचा. शेवटच्या ओळीत डावीकडे नुसते ‘@सर्व्हर१.लोकल’ घातले की राहिलेली सगळी खाती त्यात येतात. मग त्या फाइलवर ‘पोस्टमॅप’ चालवायचे, ‘मेन.सीएफ’ या पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये ‘एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्स’ला ती फाइल द्यायची आणि पोस्टफिक्स रिलोड करायचे. फाइलच्या आधी ‘हॅश:’ (फाइल साठवायचा प्रकार) लिहायची पद्धत जुनी आहे. काही नव्या आवृत्त्यांत हॅश काढून ‘एलएमडीबी’ आणले आहे, तेव्हा ‘पोस्टकॉन्फ -एम’ने आपल्याकडे काय चालते ते आधी पाहावे. हा बदल मेल बाहेर पडतानाच होतो, त्यामुळे यंत्रातल्या यंत्रात फिरणारे मेल जसेच्या तसे राहतात आणि रांगेत आधीच अडकलेले मेलसुद्धा ‘पोस्टक्यू -एफ’ दिल्यावर नव्या नावाने जातात. मात्र ही कमांड देण्याआधी रांगेत काय काय साठले आहे ते बघून घ्यावे. गेल्या आठवड्यातल्या रद्द झालेल्या सूचना आज एकदम सभासदांच्या हातात पडल्या, तर मेल न गेलेला परवडला. नको असलेले मेल ‘पोस्टसुपर -डी’ने आधी काढावेत.

नावाचा दुसरा प्रश्न हेलोचा. जोडणी झाल्याबरोबर आपला सर्व्हर ‘मी अमुक’ असे सांगतो. ते नाव ‘मायहोस्टनेम’मधून येते. तिथे बिंदू नसलेले नाव असेल तर ‘५०४ ५.५.२ … नीड फुली-क्वालिफाइड होस्टनेम’, आणि बिंदू असूनही बाहेर न सापडणारे असेल तर ‘४५० ४.७.१ … हेलो कमांड रिजेक्टेड : होस्ट नॉट फाउंड’. यंत्राचे आतले नाव बदलायची गरज नाही, त्यावर इतर बरेच काही अवलंबून असते. ‘एसएमटीपी_हेलो_नेम’मध्ये बाहेर सापडणारे नाव दिले की भागते.

इथेच एक उलटी चूक हमखास होते. डेबियन किंवा उबुंटूवर पोस्टफिक्स बसवताना ‘इंटरनेट साइट’ निवडले की ‘सिस्टिम मेल नेम’ विचारतात. तिथे संस्थेचे डोमेन टाइप केले की ते ‘मायडेस्टिनेशन’मध्येही जाऊन बसते. आता या सर्व्हरला वाटते, या डोमेनचे सगळे मेल माझ्याकडेच यायचे आहेत. परिणाम विचित्र: सभासदांच्या जीमेलवर मेल जातात, पण संस्थेच्या स्वतःच्या व्यवस्थापकाला जात नाहीत. त्याची पेटी बाहेर गुगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे असते, आणि हा सर्व्हर ती स्वतःकडे शोधून ‘अननोन युजर’ म्हणतो. ‘रिले=लोकल’ दिसते ते याच प्रकरणात. ‘मायडेस्टिनेशन’मधून संस्थेचे डोमेन काढून ‘लोकलहोस्ट’ आणि यंत्राचे आतले नाव एवढेच ठेवावे.

नावाचे झाले. पत्त्याचे दुखणे नुसत्या सेटिंगने जात नाही. १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे आयपी पत्ते खासगी. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्राने ते वेगळे काढले. अशा पत्त्यावरचा सर्व्हर बाहेर पडतो तेव्हा पलीकडच्याला दिसतो तो राउटरचा सार्वजनिक पत्ता. साध्या ब्रॉडबँडवर तो बदलता असतो, पुष्कळदा कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच देते. त्याचा उलट डीएनएस, म्हणजे पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद), आपल्या हातात नसतो. तो ज्याच्या मालकीचा आयपी त्याच्या हातात. जीमेल पीटीआरशिवाय आलेला मेल ५.७.२५ सांगून परत करते. स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेच्या पीबीएल यादीत असे घरगुती आयपी गट मुद्दाम घातलेले असतात. ती शिक्षा नव्हे. ‘इथून थेट मेल येणे अपेक्षित नाही’ एवढेच त्या यादीचे म्हणणे, आणि पुष्कळ इंटरनेट सेवादार स्वतःहून आपले आयपी तिच्यात देतात. त्यामुळे ‘डीलिस्ट’चा अर्ज भरत बसण्यात काही हशील नाही. शिवाय एकाच राउटरमागच्या एखाद्या संगणकाला व्हायरस लागला आणि तो स्पॅम सोडू लागला की बिचाऱ्या सर्व्हरचेही नाव त्याच आयपीमुळे खराब होते. राउटरवर २५ क्रमांकाचे पोर्ट बाहेर जाण्यासाठी सगळ्या संगणकांना बंद करणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते फारच थोड्या ठिकाणी केलेले दिसते.

तेव्हा स्पष्टच लिहितो: कार्यालयातल्या लिनक्स सर्व्हरने थेट जगाला मेल पाठवायचा अट्टहास सोडावा. स्थिर आयपी, पीटीआर, चांगली पत आणि ती रोज सांभाळणारा माणूस हे चारही असतील तरच तो मार्ग. नसतील तर ज्या सेवेकडे संस्थेच्या मेलपेट्या आहेत तिच्याच एसएमटीपी (मेल पाठवणाऱ्या) सर्व्हरकडे मेल सोपवावा. पोस्टफिक्समध्ये याला ‘रिलेहोस्ट’ म्हणतात. सर्व्हरचे नाव चौकटी कंसात आणि पुढे अपूर्णविराम देऊन ५८७ असे लिहायचे. चौकटी कंस शोभेचा नाही. तो नसेल तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स (त्या डोमेनचे मेल घेणाऱ्या सर्व्हरची नोंद) शोधायला जातो आणि भलत्याच सर्व्हरच्या दारात उभा राहतो. पोर्ट २५ सेवादाराने बंद केले असेल तरी ५८७ चालते. ‘रिले=नन’वर उपाय हाच. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवरही ॲमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही २५ वर बंधने घातलेली आहेत. सेवा फक्त ४६५ देत असेल तर ‘एसएमटीपी_टीएलएस_रॅपरमोड’ला ‘यस’ करावे लागते; ५८७ सोबत मात्र ते ठेवू नये, जोडणी लटकते.

रिले सेवेचा पासवर्ड ‘सासल_पासवर्ड’ फाइलमध्ये, तिची आणि पोस्टमॅपने बनलेल्या फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), ‘एसएमटीपी_सासल_ऑथ_एनेबल’ला ‘यस’, ‘एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल’ला ‘एन्क्रिप्ट’. एवढे करूनही लॉगमध्ये ‘नो वर्दी मेक्स फाउंड’ आले तर घाबरू नये, त्याची कारणे दोनच. एक, ‘एसएमटीपी_सासल_सिक्युरिटी_ऑप्शन्स’ मुळात साधा पासवर्ड नको म्हणते. तिथे फक्त ‘नोअनॉनिमस’ ठेवावे. दोन, लागणारे पॅकेजच नाही: डेबियन-उबुंटूवर ‘लिबसासल२-मॉड्यूल्स’, रेड हॅट घराण्यात ‘सायरस-सासल-प्लेन’.

‘५३५ ५.७.८’ म्हणजे पासवर्ड मान्य नाही. वैयक्तिक जीमेल खात्यावर नेहमीचा पासवर्ड ३० मे २०२२ पासून अशा प्रोग्रामना चालत नाही. दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो, आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की तो रद्द होतो. कोणीतरी ‘सुरक्षेसाठी’ पासवर्ड बदलतो आणि दुसऱ्या दिवशी पावत्या थांबतात, त्याचे कारण हेच. ‘५५० ५.४.५’ म्हणजे दिवसाची मर्यादा संपली. साध्या जीमेलला दिवसाला सुमारे ५००, वर्कस्पेसला २००० मेल. बाराशे सभासदांची संस्था अध्यक्षांच्या जीमेलवरून सूचना पाठवणार असेल तर गणित आधीच चुकले. मर्यादेत बसत असले तरी एका दमात सगळे सोडू नयेत; ‘एसएमटीपी_डेस्टिनेशन_रेट_डिले’ २ सेकंद ठेवले तर ५०० मेलना सतरा-अठरा मिनिटे लागतात, आणि तेवढी वाट पाहायला कोणाची हरकत नसावी.

‘रिले ॲक्सेस डिनाइड’ ही ओळ सर्वांत घातक. तिच्यामुळे मेल अडतो म्हणून नव्हे, तर लोक तिच्यावर जो इलाज करतात त्यामुळे. आधी पाहा, हे बोलले कोण? ओळीत ‘नोक्यू : रिजेक्ट : आरसीपीटी फ्रॉम’ असेल तर नकार आपल्याच सर्व्हरने दिला आहे, बहुधा नेटवर्कमधल्या स्कॅनरला किंवा दुसऱ्या यंत्राला. त्या यंत्राचा एकट्याचा पत्ता ‘मायनेटवर्क्स’मध्ये घातला की काम झाले. सरळ ०.०.०.०/० (म्हणजे जगातले सगळे पत्ते) टाकून मोकळे होणारे महाभाग आहेत. त्याने सर्व्हर साऱ्या जगाचा स्पॅम वाहणारा हमाल होतो, आणि दोन दिवसांत रिले सेवाही खाते बंद करते. सर्व्हर फक्त स्वतःचेच मेल पाठवत असेल तर ‘इनेट_इंटरफेसेस’ला ‘लूपबॅक-ओन्ली’ ठेवावे. नकार पलीकडून आला असेल तर लॉगिनच झालेले नाही. पासवर्डविषयीचे वरचे दोन परिच्छेद पुन्हा पाहावेत.

रिले लागल्यावर डीएनएसमधल्या तीन नोंदी. एसपीएफमध्ये (डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो ते सांगणाऱ्या नोंदीत) रिले सेवेचे नाव हवे. सेवेच्या सूचनापत्रात ‘ही नोंद घाला’ असते, म्हणून लोक जुनी ठेवून दुसरी घालतात. एका डोमेनला एसपीएफ एकच चालते. दोन असल्या की दोन्ही बाद. दोन्हींतला मजकूर एकाच नोंदीत जोडावा आणि तीतले डीएनएसचे शोध १० च्या वर जाऊ देऊ नयेत. ‘+ऑल’ लिहिणे म्हणजे आमच्या नावाने कोणीही मेल पाठवा असे जाहीर करणे. डीकेआयएमची, म्हणजे मेल खरा असल्याची डिजिटल सही रिले सेवाच करते, तिने दिलेली चावी डीएनएसमध्ये घालायची. २०४८ बिटांची चावी २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, ती तोडून अवतरणांत लिहावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतात, आणि गुगलचा नियम असा की दिवसाला ५००० हून अधिक मेल जीमेलवर जात असतील तर दोन्ही हवेत, शिवाय डीमार्कही (या तपासण्यांत न बसणाऱ्या मेलचे काय करायचे ते सांगणारी नोंद). ‘५५० ५.७.२६’ आले की याच नोंदी तपासाव्यात. अध्यक्षांचा याहूचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घालून संस्थेच्या सर्व्हरवरून मेल पाठवणेही सोडावे, याहूने एप्रिल २०१४ पासूनच स्वतःच्या डोमेनला असे मेल नाकारायला सांगितले आहे. अध्यक्षांना उत्तरे हवी असतील तर त्यांचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये द्यावा.

काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीही रात्र घालवतात. डेबियनच्या बऱ्याच आवृत्त्यांवर पोस्टफिक्स स्वतःच्या बंदिस्त फोल्डरमध्ये (क्रूट) चालतो आणि ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ची वेगळी प्रत वापरतो. राउटर बदलून डीएनएस बदलला की बाकी सगळे चालते आणि मेललाच ‘नेम सर्व्हिस एरर’ येते. पोस्टफिक्स रीस्टार्ट केला की ती प्रत ताजी होते. काही फायरवॉल मेलच्या संवादात नको तेवढे डोके घालतात. टेलनेटने ५८७ ला जोडून पाहावे, २२० च्या पुढे सर्व्हरच्या नावाऐवजी फुल्यांची रांग दिसली तर फायरवॉलमधली एसएमटीपी तपासणी बंद करायला सांगावे. आणि सर्व्हरचे घड्याळ. ते मागे-पुढे असेल तर टीएलएस (सुरक्षित जोडणीचे) प्रमाणपत्र ‘मुदत संपलेले’ ठरते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवायचे आहे आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. लिनक्सवर लॉग फिरवण्याची मूळ सेटिंग बहुधा चार आठवड्यांची असते, म्हणजे जूनच्या सूचनेचे काय झाले हे सप्टेंबरात विचारले तर दाखवायला काहीच उरत नाही.

दुरुस्तीनंतर एक मेल जीमेलवर, एक संस्थेच्या स्वतःच्या पेटीत आणि एक तिसऱ्याच सेवेवर पाठवावा. जीमेलमध्ये ‘मूळ दाखवा’ उघडून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे ‘पास’ आहे का ते बघावे. चाचणीसाठी ‘स्वाक्स’ हे छोटे साधन फार सोयीचे, पण चाचणी सॉफ्टवेअर ज्या खात्याखाली चालते त्याच खात्यावरून करावी. रूटवरून गेला म्हणजे वेबवरून जाईलच असे नाही.

आता संस्थाचालकांसाठी. ‘मेल जात नाही’ अशी तक्रार करताना देखभाल करणाऱ्याकडे त्या एका मेलची लॉगमधली ओळ मागा. ती न देता जो ‘करून देतो’ म्हणतो त्याचे बिल मंजूर करू नका. एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारात तीन वाक्ये घालून घ्या: डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावावर आणि डीएनएसचा पासवर्ड संस्थेकडे राहील, परत येणारे मेल अमुक पेटीत येतील आणि ती पेटी रोज उघडली जाईल, सूचना पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी रांगेचा आणि बाउन्सचा (परत फिरलेल्या मेलचा) तक्ता सचिवांना मिळेल. यातल्या पहिल्याच वाक्यावर पुष्कळ ठिकाणी घोडे अडते. डोमेन विक्रेत्याच्या नावावर असते, त्याचा फोन लागत नाही, आणि एसपीएफची एक ओळ बदलायला महिना जातो.

आपला,
एक वाचक (सर्व्हर व नेटवर्क देखभाल), सांगली